हिवरखेडच्या स्लॅबवरचा शनी: सगळ्यांना दिसला, फक्त मावशींना नाही

जायचं ठरलं ते चार मिलिमीटरच्या एका आयपीसमुळे.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगते. दुर्बिणीला ज्या टोकाला आपण डोळा लावतो, तिथे बसणारी भिंगांची बोटभर नळी म्हणजे आयपीस. दुर्बीण तीच राहते, आयपीस बदलला की दृश्य बदलतं. माझ्याकडे पंचवीसचा होता आणि दहाचा होता. आकडा जितका लहान तितकं चित्र मोठं, हे उलटं गणित सुरुवातीला सगळ्यांनाच चकवतं. गेल्या डिसेंबरात मी चारचा घेतला. वर बार्लोही घेतला, म्हणजे मध्ये घालायची एक जोडनळी, जी चित्र आणखी दुप्पट करते. हे सगळं मी स्वयंपाकघरातल्या जुन्या मसाल्याच्या डब्यात ठेवते. एकेका वाटीत फडकं घालून एकेक आयपीस. आमचे हे म्हणतात, "फोडणीला टाकू नकोस म्हणजे झालं."

पण अमरावतीत आमच्या गच्चीसमोर मंगल कार्यालय आहे. लग्नसराईत तिथले दिवे असे काही जळतात की चंद्र सोडून आकाशात काही उरत नाही. नवीन आयपीस डब्यात पडून होता आणि मला तो कुणाला तरी दाखवायचा होता. खरं सांगायचं तर तो आहे हे दाखवायचं होतं. अशात नणंदेचा फोन आला.

"वयनी, तुरी भरल्या. सोले खायले या. अन् ते तुमची दुर्बीनबी आना, पोट्टे मागे लागले."

सव्वीस जानेवारीची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली होती. आमचं औषधांचं दुकान पुतण्याच्या ताब्यात दिलं आणि आम्ही दोघं शनिवारी सकाळी निघालो.

अमरावती ते हिवरखेड

वंदना, म्हणजे माझी नणंद, हिवरखेडला दिलेली. अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याजवळचं मोठं गाव. आम्ही वलगाव, खोलापूर, दर्यापूर, अकोट असे गेलो. दर्यापूरपर्यंतचा रस्ता बराचसा चांगला आहे, पण मध्येच असा तुकडा येतो की दुर्बीण मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेली असूनही मी मागे वळून तिच्यावर हात ठेवून बसले. आरशाची दुर्बीण नेणार असाल तर खाली जाड गोधडी घाला. आरसा धक्क्याने हलतो आणि मग पोचल्यावर तो पुन्हा जुळवत बसावं लागतं.

दर्यापूरला तर्री-पोहे खाल्ले. तिथे शेवटी "अजून तर्री देऊ का?" असं विचारत नाहीत, सरळ ओततात. हा सगळा खारपाणपट्टा, त्यामुळे पिण्याचं पाणी सोबत ठेवा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा, मधूनमधून कपाशीची शेवटची वेचणी चाललेली. अकोट सोडलं की उजव्या हाताला सातपुड्याची निळी रेघ लागते आणि ती गावापर्यंत सोबत येते. जाऊन-येऊन पेट्रोल, पोहे, चहा धरून दोघांचा खर्च फार नाही. एका वेळच्या शहरी हॉटेलात जास्त जातील.

दुपारी पोचलो. वंदनाचं घर नवं, सिमेंटचं, वर मोठा मोकळा स्लॅब. मी चप्पल काढायच्या आधी वर जाऊन चारी दिशा बघून आले. पश्चिमेला एकही दिवा नाही! मी तिथेच टाळी वाजवली.

खाली आले तर दारात मोपेडचा आवाज. वंदनाच्या सासूबाई शेतातून आल्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणते. साठीच्या पुढच्या, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, आणि मोपेडच्या पायाजवळच्या जागेत तुरीच्या शेंगांचं गाठोडं. नवरा गेल्यावर पन्नाशीत त्या ही गाडी शिकल्या. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शिकल्या आणि दोनदा कपाशीत पडल्या, हे त्या स्वतःच हसत सांगतात. शेत गावापासून लांब. मुलगा गजानन, म्हणजे वंदनाचा नवरा, बसस्टँडजवळ बी-बियाण्याचं दुकान चालवतो, त्याला वेळ नाही. वावर मावशीच बघतात, आणि वावर बघणं म्हणजे ती मोपेड.

"आली का वं?" त्या म्हणाल्या. "चाल, शेंगा सोलू लाग."

ओल्या तुरीच्या सोल्यांची, म्हणजे दाण्यांची, सोलेवांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा. भाजीबद्दल इथे लिहिणार नाही, कारण मग दुसरं काही लिहून होणार नाही. जानेवारीत कुणी वऱ्हाडात बोलावलं तर नाही म्हणू नका, एवढंच.

पहिली संध्याकाळ

अंधार पडता पडता स्लॅबवर अर्धी गल्ली जमली. वंदनाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सतरंज्या टाकलेल्या, कुणी मुरमुरे आणलेले. माझ्यासाठी खुर्ची होती, पण मी बसते कसली.

सुरुवात मी नीट केली होती. चंद्र कोरीहून मोठा, अर्ध्याहून लहान, म्हणजे बघायला सगळ्यात चांगला. पंचवीसचा आयपीस लावला. पंचवीसच्या आयपीसमध्ये आकाशाचा मोठा तुकडा दिसतो, पूर्ण चंद्र मावून भोवती जागा उरते. प्रत्येक माणूस वाकायचा आणि तोंडातून आपोआप "बाप्पा!" निघायचं. शेजारचे रामदासभाऊ तर दुर्बीण सोडेनात. "खड्डे हायत वो! आपल्या तेल्हारा रोडवानी!" सगळे हसले. मावशींनी चंद्र पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि बाजूला झाल्या.

तिथेच थांबले असते तर ही पोस्ट फक्त सोलेवांग्यांची झाली असती.

पण मला शनी दाखवायचा होता, आणि तोही चारच्या आयपीसने, बार्लो लावून. माझ्यासारख्या छोट्या दुर्बिणीला एवढं मोठं चित्र झेपत नाही. हे मला माहीत होतं. जास्त मोठं केलं की ग्रह मोठा दिसतो पण धुरकट होतो, आणि आकाशाचा दिसणारा तुकडा सुईच्या नेढ्याएवढा उरतो. माझ्या दुर्बिणीला मोटर नाही. पृथ्वी फिरते, ग्रह सरकतो, आणि एवढ्याशा तुकड्यातून तो अर्ध्या मिनिटात बाहेर जातो. म्हणून दर माणसानंतर आपण स्वतः डोळा लावून ग्रह परत मध्ये आणायचा असतो. हे मी अमरावतीत शाळेच्या मुलांना शिकवते.

त्या संध्याकाळी मी शनी मध्ये आणला, खूप खूश झाले, आणि रांगेला तोंड करून भाषण द्यायला लागले. शनीचे चंद्र, शनीची कडी, कडी कशाची बनलेली, या वर्षी ती कशी दिसतात. दुर्बिणीकडे माझी पाठ होती. एकेक जण माझ्यामागे वाकत होता आणि मी न बघताच विचारत होते, "दिसलं का?"

"दिसलं, दिसलं!"

"कडं दिसलं?"

"दिसलं ना! बांगडीवानी गोल कडं!" हे रामदासभाऊ.

आता हे वाक्य आठवलं की मला कुठेतरी लपावंसं वाटतं. या वर्षी शनीची कडी आपल्याकडे धारेने आहेत. एक पातळ रेघ दिसते, बस. बांगडी दिसूच शकत नाही. मी स्वतः दोन मिनिटांपूर्वी भाषणात हे सांगितलं होतं! पण माणूस कौतुक करत होता आणि मी ते पीत होते.

मग मावशींचा नंबर आला. त्या वाकल्या. बराच वेळ वाकलेल्या राहिल्या.

"मले काई दिसत नाही."

"डोळा नीट लावा, मावशी. जवळ घ्या."

"लावला. काळं हाय सगळं."

"दुसरा डोळा लावून बघा."

त्यांनी दुसरा डोळा लावला. मागे रांग होती, मुलं ढकलाढकली करत होती, आणि माझं शनीचं भाषण अर्ध्यावर तुटलं होतं. मावशी उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "काळं हाय तं काळंच सांगीन नं मी."

आणि मी बोलले. जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, सौम्य करून लिहायचा दोनदा प्रयत्न केला आणि दोनदा खोडलं.

"सगळ्यांना दिसतंय, तुम्हालाच कसं दिसत नाही? मोतीबिंदू आहे मावशी तुमच्या डोळ्यात, पिकलेला. आणि या डोळ्यांनी तुम्ही गाडी चालवता? गजाननराव, आधी चावी काढून घ्या त्यांच्याकडून, नाहीतर एखाद्याला उडवतील."

सगळे हसले. मीही हसले. मावशी पदर सावरत जिन्याकडे गेल्या. मी पुढच्याला म्हटलं, "या, तुम्ही या. दिसलं का?"

"दिसलं, दिसलं."

दुसरा दिवस

सकाळी उठले तेव्हा मावशी ओसरीवर बसून गहू निवडत होत्या. मला वाटलं, सुट्टीचा दिवस, पाहुणे आहेत, म्हणून थांबल्या. मोपेड अंगणात लिंबाच्या झाडाखाली उभी होती. चहा झाल्यावर वंदनाने हळूच सांगितलं की रात्री गजाननरावांनी चावी कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं.

"कधीचंच म्हणत होते ते. पावसाळ्यात घसरल्या होत्या नं आई, तवापासून. पन आई काई ऐकत नोत्या. आता तुमी म्हटलं तं ऐकलं."

यात मी कोण, हे सांगायला हवं. मी डॉक्टर नाही. पण गल्लीत, नातेवाइकांत मी मेडिकलवाली वयनी. सर्दीपासून साखरेपर्यंत लोक मला फोन करून विचारतात आणि मी सांगते. माझ्या तोंडून 'मोतीबिंदू' निघालं की ते नुसतं चिडून बोललेलं राहत नाही, तो तपासणीचा निकाल होतो. हे मला पक्कं माहीत असूनही त्या सकाळी मला काय वाटलं असेल? मला बरं वाटलं. गजाननराव आंघोळ करून आले तेव्हा मी त्यांना म्हणाले, "बरं केलंत हो. वेळेत थांबवलं."

मावशी तिथेच होत्या. सुपातल्या गव्हावरून त्यांचा हात फिरत राहिला.

दुपारी आम्ही कारने शेतावर निघालो. मी म्हटलं, "चला मावशी, पुढे बसा." त्या म्हणाल्या, "मी काय गाडीत बसून वावरात जाऊ? पाहुनी हाओ का मी?" आणि आल्या नाहीत. शेत सुंदर आहे. एका बाजूला संत्र्याची थोडी झाडं, बाकी हरभरा आणि तूर, आणि बांधावर उभं राहिलं की सातपुडा अगदी समोर. तिथल्या मजूर बाईने दोनदा विचारलं, "मोठ्या बाई नाही आल्या?" वंदनाने काहीतरी सांगितलं. मी फोटो काढले. सगळ्यात चांगल्या फोटोत पाण्याच्या पाटाजवळ मावशींचं खुरपं पडलेलं आहे. तो फोटो मी टाकलेला नाही.

संध्याकाळी मी एकटीच लवकर वर गेले. दिवेलागणीची वेळ, चंद्र वर आलेला, नैऋत्येला शनी नुकताच दिसायला लागलेला. लोक जेवून यायचे होते. आदल्या दिवशी सगळ्यांना उद्या परत या म्हणून मीच सांगितलं होतं. त्यांच्याआधी मला एकटीला निवांत शनी बघायचा होता. चारचा आयपीस, बार्लो. शनी मध्ये आणला. थंडी वाजायला लागली म्हणून खाली जाऊन शाल घेऊन आले आणि पुन्हा डोळा लावला.

काळं.

मी आयपीसवरची धूळ बघितली. झाकण बघितलं. काही नव्हतं. शनी सरकून गेला होता, इतकंच. मी तो परत मध्ये आणला, हात काढून घेतला आणि नुसती बघत राहिले. तो फिकट, थरथरता ठिपका कडेकडे गेला, कडेला टेकला आणि निघून गेला. मनातल्या मनात काल बघितलेली माणसं एकेक करून आठवली. पहिल्या एक-दोघांना दिसला असेल कदाचित. त्यानंतर कुणालाच नाही.

मी जिन्यावरून वंदनाला हाक मारली.

"वंदना, खरं सांग. काल तुला काय दिसलं?"

ती ओढणीने हात पुसत वर आली. "कडं नं."

"खरं सांग म्हणतेय."

ती खाली बघायला लागली. "काई नाही दिसलं, वयनी. काळंच होतं. पन तुमी एवढ्या दुरून आनलं, एवढं जीव तोडून सांगून राहिल्या होत्या. मंग नाही दिसलं कसं म्हनाव? तुमाले वाईट वाटलं असतं. सगळे दिसलं म्हने, मीबी म्हटलं."

इथे थोडं थांबते, कारण हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना विचित्र वाटेल. आमच्याकडे माणसं तोंडावर फटकळ बोलतात, पुण्याच्या माणसाला भांडण वाटावं इतकी. पण पाहुण्याने हौसेने काही पुढे केलं तर ते घेतलंच जातं. भाजी खारट झाली तरी दुसऱ्यांदा वाढून घेतील. काल गल्लीने माझा शनी तसाच वाढून घेतला होता. एकट्या मावशींनी तो घेतला नाही, आणि मी त्यांची गाडी काढून घेतली.

मी खाली गेले. गजाननराव टीव्हीसमोर बसले होते. मी हळू आवाजात, शक्यतो दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं सांगितलं. शनी दुर्बिणीतून सरकून गेला होता, चूक माझी होती, मावशींच्या डोळ्यांचं मी उगाच बोलले, चावी देऊन टाका.

त्यांनी टीव्हीचा आवाजही कमी केला नाही. "जाऊ द्या वयनी. झालं ते बरंच झालं. तिचं वय झालं आता. तुमच्या निमित्तानं थांबली, नाहीतं माह्यं कुठं ऐकते?"

"पण ते खोटं होतं, गजाननराव."

"खोटं अशीन. पन चुकीचं नोतं नं?"

त्यांना आईची काळजी होती, यात मला शंका नाही. पावसाळ्यात त्या घसरल्या तेव्हा गजाननरावच त्यांना उचलून अकोटला घेऊन गेले होते. पण मला त्या क्षणी स्वतःचा राग आला तो वेगळ्याच कारणाने. मी अपमान स्लॅबवर केला होता, अर्ध्या गल्लीसमोर, मोठ्या आवाजात. आणि माफी मागायला टीव्हीच्या आवाजाखाली लपले होते.

मावशी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मी दारात उभी राहून म्हटलं, "मावशी, आज वर याल का? मला काही सांगायचंय."

"मी नाही येत. माया डोळ्याले काय दिसते?" त्यांनी भाकर उलटली. "तू जा. लोक येऊन राह्यले."

लोक आले. कालचेच सगळे. सतरंज्या, मुरमुरे. मी चारचा आयपीस आणि बार्लो लावला, शनी मध्ये आणला, आणि मग मुद्दाम हात मागे बांधून उभी राहिले. शनी निघून जाईपर्यंत इकडचं तिकडचं बोलले. मग रामदासभाऊंना म्हटलं, "या, बघा. दिसलं का?"

रामदासभाऊ वाकले. "दिसलं ना! आज तं कालच्याहून साफ!"

दुसऱ्या बाईंनाही दिसलं. तिसऱ्यालाही. मग मी स्वतः डोळा लावला, सगळ्यांसमोर, आणि म्हटलं, "मला काही दिसत नाही. काळं आहे."

कुणी हसलं नाही. मी बोलत गेले, कारण थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. काल तुम्हा कुणालाच शनी दिसला नव्हता. मी दुर्बीण नीट लावली नव्हती, दर वेळी तपासायची असते ती तपासली नव्हती, मोठेपणा करायला नको तो आयपीस लावला होता. एक माणूस खरं बोललं, त्याला मी तुमच्यासमोर आंधळं ठरवलं. मावशींचे डोळे मी तपासलेले नाहीत, मला ते तपासता येतही नाहीत. चूक माझी आहे. हे मी मोठ्याने बोलले, स्वयंपाकघरात ऐकू जावं म्हणून.

मग रामदासभाऊंनी खाली बसकण मारली. "मलेबी नोतं दिसलं," ते म्हणाले. "म्हटलं, आपन अडानी, आपल्यालेच नसन दिसत."

"मलेबी नाही."

"मले तं वाटलं माह्यावालाच डोळा गेला. रातभर झोप नाही लागली."

एकदम सगळ्यांना कंठ फुटला, आणि मग हसूही. गजाननराव जिन्याच्या कठड्याला टेकून उभे होते. ते हसत नव्हते.

मी बार्लो काढला, चारचा काढला. पंचवीसच्या आयपीसने शनी शोधला, मग दहाचा लावला. वाटाण्याएवढाही नाही, पण स्वच्छ, आणि त्याच्या आरपार गेलेली ती बारीक रेघ. दर माणसानंतर मी स्वतः बघत होते. कुणी "काडी घातल्यावानी दिसते" म्हणालं, कुणी "लय लहान हाय वो" म्हणालं, आणि एकाने सरळ सांगितलं की फोटोत बरा दिसतो. मावशी वर आल्या नाहीत. मी दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

परतीचा दिवस

सकाळी अंगणात मोपेड नव्हती.

वंदनाने सांगितलं, उजाडता उजाडता मावशींनी अंघोळ केली, काष्टा घातला आणि गजाननरावांसमोर नुसता हात पुढे केला. गजाननराव म्हणाले, एकदा अकोटले डोळे दाखवू. त्या म्हणाल्या, "दाखवू. पन आधी वावर." आणि चावी घेऊन गेल्या.

मला इतकं हलकं वाटलं की मी दोन कप चहा प्यायले. आम्ही नऊला निघणार होतो. वंदनाने शेंगांची पिशवी भरली, मला हळदीकुंकू लावलं. मी दाराकडे बघत होते. साडेनऊ वाजले. आमचे हे गाडीत बसले, उतरले, पुन्हा बसले. पाहुणे निघताना घरातलं मोठं माणूस दारात नाही, असं या घरात मी बावीस वर्षांत पाहिलेलं नाही.

"हरभऱ्याले पानी द्याचं होतं," वंदना म्हणाली. "दिवसाची लाइन हाय या आठवड्यात." तिने माझ्याकडे बघितलं नाही.

पंपाची वीज त्या आठवड्यात खरोखरच दिवसाची होती. तरीही आम्हा दोघींना कळत होतं.

अकोट सोडल्यावर हे म्हणाले, "सगळ्यांसमोर बोललीस ते बरं केलंस." मी म्हटलं, "चावी काढून घ्या म्हणाले तेव्हा तुम्हीही हसला होतात." ते म्हणाले, "हो. तेच आठवतंय मलाही."

घरी

तुम्हाला दुर्बीण घेऊन सातपुड्याच्या पायथ्याशी जायचं असेल तर नक्की जा. थंडीत जा, अमावस्येच्या आसपास किंवा चंद्र लहान असताना जा, शाल न्या. आयपीस दोनच न्या, पंचवीसचा आणि दहाचा. आधी मोठ्या आकड्याचा लावा, वस्तू मध्ये आणा, मगच लहान आकड्याचा. दर माणसानंतर स्वतः बघा, कितीही रांग असली तरी. आणि लोकांना "दिसलं का?" असं विचारू नका. "काय दिसतंय?" असं विचारा आणि उत्तर ऐका. मी आता असं विचारते. परवा आमच्या गच्चीवर एक शाळकरी मुलगी म्हणाली, "काहीच नाही दिसत काकू," आणि मी तिला इतक्या मनापासून थँक्यू म्हटलं की ती घाबरली.

फेब्रुवारीत वंदनाने फोनवर सांगितलं की मावशींचे डोळे अकोटला तपासले. एका डोळ्यात मोतीबिंदूची नुकती सुरुवात आहे, एवढ्यात काही करायचं नाही, गाडी चालवायला हरकत नाही. सुरुवात आहे हे ऐकल्यावर पहिल्या क्षणी मला आनंद झाला. म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते! फोन हातात धरून मी असा आनंद केला. या सगळ्या प्रवासातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट कदाचित ती असेल, आणि ती मी वंदनालाही सांगितलेली नाही.

शनी आता सूर्याजवळ गेलाय. संध्याकाळच्या उजेडात सापडत नाही, बरेच महिने सापडणार नाही. हिवरखेडच्या त्या गल्लीत तो सगळ्यांनी पाहिला. पाहिला नाही तो एकाच माणसाने. हे डोक्यातून जाईना म्हणून मागच्या आठवड्यात मी फोन लावला आणि मावशींना द्यायला सांगितलं. हरभरा कसा झाला विचारलं. चांगला झाला, म्हणाल्या. गाडी कशी आहे विचारलं. चालते, म्हणाल्या. मग मी म्हटलं, मावशी, पुढच्या थंडीत येऊ का? नीट लावून देते दुर्बीण. फक्त तुमच्यासाठी.

पलीकडे कुठेतरी कोंबड्यांचा आवाज येत होता.

"ये नं," त्या म्हणाल्या. "घर तुयंच हाय. पन मले काई दाखवू नको."